डाग नसलेली मालिका

रविवार, दिनांक १४ डिसेंबर २०२५, सायंकाळचे पाच. स्थळ, बोरगाव मेघे येथील धनंजयरावांची बैठकीची खोली.

धनंजयराव हे जुन्या जपानी ॲनिमे म्हणजेच कार्टून मालिकांचे हक्क घेऊन त्या इकडे दाखविणारे एक छोटे वितरक. चाळीस वर्षांपूर्वीची एक मालिका आजच्या मुलांना जुनाट वाटू नये, म्हणून त्यांनी संगणकावर बसून वर्षभर तिच्यातला एकेक ओरखडा, डाग आणि थरथरती रेघ पुसून काढली होती. ही चालली नाही, तर व्यवसाय बंद करण्याचे त्यांनी ठरविले होते.

विद्यार्थ्यांच्या ॲनिमे मंडळाची प्रमुख काजल आज पहिला भाग पाहावयास आली होती. तिने होकार दिला, की सारे मंडळ मालिका विकत घेणार होते.

"ह्यायचे डोळे गेले त्या रेघा पुसता पुसता," चहा ठेवीत धनंजयरावांच्या पत्नी नलूताई म्हणाल्या. "इतकं मन लावून घर कधी पुसलं नाई. चांगली म्हणजो वं पोरी."

काजलने चित्र थांबविले, मोठे केले आणि कोपरान् कोपरा न्याहाळला.

"एकेक चित्र माणसानं हातानं काढलेलं आहे, बेटा," धनंजयराव म्हणाले.



"काका, खोटं काऊन सांगून राह्यले? माणसाच्या हातचं इतकं साफ असते काय? हे एआयनं बनवलेलं आहे. आमच्या मंडळात नाई चालत."