पडताळणी बाकी

सकाळी पाळणाघरात गार्गीच्या बोटातून महिन्याच्या तपासणीचं रक्त घेतलं होतं. संध्याकाळी ती बागेत वाळूत खेळत होती आणि ऋजुता, तिची आई, बाकावर बसली होती. तेवढ्यात आजूबाजूच्या सगळ्या आयांचे फोन एकदम वाजले. ऋजुताचा वाजला नाही.

“चला, पुरे आता!” एकेकीने आपापलं मूल वाळूतून उचललं. गार्गीकडे कुणी पाहिलं नाही.

ऋजुताने घाईघाईने फोनवर तपासणीचं पान उघडलं. ‘अहवाल तयार आहे. संपर्कातल्या मुलांच्या पालकांना कळवलं आहे. तुमच्या प्रतीची डॉक्टरांकडून पडताळणी बाकी आहे.’

“श्यामल, काय आलंय गं तुला?”

“काही नाही गं. याची झोपायची वेळ झाली.”

“साडेपाचला?”

मुलाला कडेवर घेऊन श्यामल लांबच थांबली. “सांगायची परवानगी नाही गं आम्हाला. पण ऐक, तिला जवळ घेऊ नकोस.”

“आई, सगळे का गेले?” रडवेली गार्गी हात पसरून धावत आली. “उचल ना!”

ऋजुताने तिला उचललं आणि गालाला गाल लावला. गाल चांगलाच तापला होता.