पट्टा बदलायचा राहिला

"आज बी नाही?" इंद्रभाननं ओट्यावरूनच विचारलं.

रवी गाडीची काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "नौशाद मिस्त्रीले टाइम नाही बाबा. पुढच्या आठवड्यात पाहू."

"मागच्या आठवड्यात बी हेच म्हणला तू."

"मंग काय करू? पट्टा औरंगाबादहून आलाच नाही."

"टायमिंगचा पट्टा सांगून तुटत नसते, बे. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात अन् इंजिनचा चुरा होते. भर रस्त्यात. गाडीत बायापोरं असतील, तवा काय सांगशील त्याइले?"

"हो," असं म्हणून रवी धाडच्या बाजाराची सवारी घ्यायला निघून गेला.

इंद्रभान चरफडत बसून राहिला. त्याची सगळी उमर एसटीच्या स्टेअरिंगवर गेली होती. निवृत्त झाल्यावर गावी येऊन त्यानं शेत हाती घेतलं, बीटी कपाशी लावली. सुरुवातीला पऱ्हाटी बोंडांनी वाकायची. मग गुलाबी अळी आली. वरून टपोरं दिसणारं बोंड फोडावं, तर आत सडका कापूस. त्या हंगामात त्यानं उभं पीक उपटून बांधावर फेकलं आणि शेताची वाटच सोडली. त्याच्या बायकोनं, जनकाबाईनं, फवारणीच्या औषधाचे उरलेले डबे भावाच्या गावी पाठवून दिले. घरात वास येतो म्हणाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रवीनं सवाऱ्या वाहायला जुनी डिझेल कार घेतली. आधीच्या मालकानं पट्टा कधी बदलला याचा पत्ता नव्हता. मीटरवरचा आकडा खरा की फिरवलेला, तेही कोणी सांगू शकत नव्हतं. इंद्रभानचं म्हणणं सरळ होतं. माहीत नाही ना, मग बदलून टाक. नुसता पट्टाही नको. तो ताणून धरणारं बेअरिंग बदल, पाण्याचा पंप बदल. एवढं खोलायचंच आहे तर पुन्हा खोलायची पाळी कशाला?

रवी नाही म्हणत नव्हता, हाच तर खरा वैताग होता. तो हो म्हणायचा आणि करायचा काहीच नाही. एकदा जेवता जेवता त्यानं विचारलं, "बेअरिंग कशाले बदलाचं?" इंद्रभाननं हातातला घास तसाच ठेवून त्याला सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी पोरगा पुन्हा तोच प्रश्न घेऊन हजर.

जनकाबाईही त्याचीच आई. "चालते ना गाडी, चालू द्या," म्हणायची. मग इंद्रभान पोळपाट-लाटणं घेऊन तिला इंजिनाचं पोट उलगडून दाखवायचा. ती मन लावून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "मले नाही समजलं. पुन्हा सांगा बरं."

"या घरात साऱ्याइचं डोकं बंद पडलं!" इंद्रभान ओरडायचा.

एके दिवशी रवी काही कामासाठी एसटीनं साखरखेर्ड्याला गेला. गाडी दारातच होती. इंद्रभाननं खिळ्यावरची चावी काढली.

जनकाबाई लगबगीनं दारात आली. "कुठी निघाले?"

"धाडले जाऊन येतो."

"रवी आल्यावर जा ना त्याच्यासंगं. एकटे काऊन जाऊन राह्यले?"

"जिंदगीभर बस चालवली मी. आता मले बोट धरून न्या लागते का?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मग बाजूला झाली.

इंजिनाला जोर पडू नये म्हणून तो गाडी हळू हाकत होता. मागून ट्रकवाला हॉर्न मारून मारून पुढं गेला. इंद्रभानचा कान इंजिनावर होता. रस्ता सरत होता तसतसा त्याचा राग चढत होता. आज नौशादलाही सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

नौशादचं गॅरेज धाडच्या फाट्यावर होतं. गाडी पाहून तो ट्रॅक्टरखालून बाहेर आला.

"जय भीम काका. एकटेच आले?"

"काऊन? एकट्यानं याले बंदी हाय? टायमिंगचा पट्टा बदल."

"आज लय काम हाय काका."

"तुह्यं काम मी कवाचं ऐकून राह्यलो. खोल."

"पट्टा आला नाही ना अजून."

"मंग झिजला किती, ते तरी पाहू दे."

"रवीभाऊले फोन लावतो."

"गाडी मी आणली, रवीनं नाही!" म्हणत इंद्रभाननं स्वतःच बोनट उघडलं आणि पाना उचलला. नौशादनं त्याच्या हातातून पाना काढून घेतला. मग त्यानं झाकणाचे बोल्ट सोडवले.

इंद्रभाननं चष्मा लावून वाकून पाहिलं. पट्ट्याचे दात धडधाकट होते, पाठीवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. शेजारचं बेअरिंग नवं. पाण्याचा पंपही नवा.

"हे कवा केलं?"

"गाडी घेतली, तवाच. रवीभाऊनंच करून घेतलं."

"मंग इतके दिवस मले काऊन नाचवून राह्यला तो? म्हाताऱ्याची गंमत पाहता का रे तुम्ही सारे?"

नौशाद हात पुसत राहिला.

"रागावू नका काका. नवा पट्टा बसवून रवीभाऊ घरी आला, तुमाले सांगणारच होता. त्याच्या आधी तुम्हीच ओट्यावरून विचारलं, पट्टा बदलला का बे? पऱ्हाटी उपटल्यापासून तुम्ही घरात कोणाशी एक शब्द बोलले नव्हते म्हणे. त्याच्या तोंडून 'नाही' निघून गेलं. त्या दिवशी तुम्ही त्याच्याशी भांडले. अन् भांडता भांडता पोटभर जेवले."

इंद्रभान बोनटला हात टेकून उभा राहिला. फाट्यावरून एक एसटी धुरळा उडवत गेली. धुरळा बसल्यावर त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि झाकण आपल्या हातानं जागेवर बसवलं.

"नौशाद."

"जी, काका."

"मी इथी आल्तो, हे रवीले सांगू नको."