पट्टणशेट्टी सरांची मालिका

सरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि उलटसुलट करून दोनदा बघितली.

समोर बसलेली संघप्रिया खुर्चीत पुढं सरकली. पट्टणशेट्टी सर एकच गोष्ट दोनदा बघू लागले म्हणजे काहीतरी बिनसलं, हे कॉलेजचा शिपाईसुद्धा सांगेल. ती त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्यांच्याच शरीररचना विभागात लेक्चरर. पोटातल्या गर्भाचं आतडं कसं वाढतं, कसं वळतं, कसं जागेवर बसतं, यात सरांनी उभी हयात घातलेली. आठव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत दर आठवड्याचा एकेक गर्भ तपासायचा, अशी सतरा नमुन्यांची मालिका चालली होती. काही जागा अजून रिकाम्या होत्या.

राजारामपुरीतल्या सोनोग्राफीवाल्याकडं सरांनीच चिठ्ठी देऊन तिला पाठवलं होतं. त्यानं रिपोर्टचं पाकीट बंद करून सरांच्याच नावानं दिलं. "तुमच्या सरांना दाखवा. त्यांच्यापेक्षा मला काय जास्त कळणार?" म्हणाला.

"आतडं बाहेर आहे," सर म्हणाले. "यकृतही. नाळेच्या मुळाशी बघ."

संघप्रियाला फिल्मवर नुसतं धुकं दिसलं. १९९३ सालची सोनोग्राफी ती, तीत आणखी काय दिसणार?

"जाईल ना आत, सर?"

"आतडं बाराव्या आठवड्यापर्यंत आत जातं. तूच शिकवतेस की वर्गात. आता पंधरावा आहे."

"पुन्हा एकदा तपासणी केली तर?"

"कर. पण जितका उशीर तितका तुला त्रास." सरांनी फिल्म पाकिटात घातली, पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. "हे मूल जगायचं नाही, संघप्रिया. तुझ्यापासून लपवणं मला जमायचं नाही."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आधी दोनदा दुसऱ्याच महिन्यात सगळं संपलेलं. म्हणून या खेपेला तिनं माहेरीसुद्धा कळवलं नव्हतं. पण विच्छेदनाच्या हॉलमधल्या फॉर्मालिनपासून लांब राहायला हवं, म्हणून सरांना सांगावंच लागलं. सरांनी त्याच दिवशी तिची तिथली ड्यूटी काढली. पाळीची नेमकी तारीख विचारून घेतली. मग दर सोमवारी चौकशी. जेवतेस का, झोपतेस का, पायाला सूज नाही ना. सख्ख्या बापानं घेतली नसती एवढी काळजी.

घरी सासू, आक्काताई, भाकरी थापत होती. ऐकलं आणि तिनं तवा खाली उतरवला.

"पंधरा दिस थांबूया की. डॉक्टरचंबी चुकतंय."

"ते साधे डॉक्टर नाहीत, आत्या. यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही."

"व्हय, पर मानूसच हायत न्हवं? दुसऱ्या कुनाला तरी दाव."

संघप्रिया भडकली. चौथी शिकलेली बाई सरांवर शंका घेते म्हणजे काय! नको ते बोलली. नवरा प्रसेनजीत कबनूरच्या शाळेत मास्तर. तो दोघींच्या मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "तू त्यातली जाणकार. तुला पटतंय तसं कर."

तिला सरांचं पटत होतं.

पुढच्या आठवड्यात, गर्भपाताच्या ठरलेल्या दिवशी, सर स्वतः दवाखान्यात आले. बाहेर बाकावर बसून राहिले. आत जायच्या आधी संघप्रियानंच विषय काढला.

"सर, गर्भ तुम्ही घ्या. असं सदोष आतडं तुम्हाला तरी कुठं बघायला मिळतं? उद्या दुसऱ्या एखाद्या बाईच्या उपयोगी पडेल. फक्त मला कधी दाखवू नका."

सरांचे डोळे भरून आले. संमतीच्या कागदावर तिनं सही केली.

पुन्हा दिवस राहिले नाहीत. आक्काताई आणखी पाच वर्षं जगली, पण त्या गोष्टीबद्दल तिनं पुन्हा ब्र काढला नाही. बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं, असं संघप्रियाला वाटायचं. ते जगणारच नव्हतं, एवढं एकच वाक्य तिनं जपलं होतं. त्याचा वाढदिवस आला असता त्या दिवशी, शेजारच्या पोरी शाळेला निघायच्या तेव्हा, ती ते मनात म्हणायची, आणि दिवस ढकलला जायचा.

सरांची मालिका पुढच्याच वर्षी पुरी झाली. परदेशातून पत्रं आली, सत्कार झाले. सर मात्र तिला विसरले नाहीत. तिच्या प्रत्येक बढतीला ते पाठीशी उभे राहिले. ते निवृत्त झाले तेव्हा विभागप्रमुखाची खुर्ची तिलाच मिळाली.

२००७ साली सर गेले. कॉलेजनं स्मृतिग्रंथ काढायचं ठरवलं, आणि सरांच्या संशोधनावर लिहायचं काम साहजिकच तिच्याकडं आलं. सरांच्या पत्नी चन्नम्माकाकूंनी कपाटातली जाड वही काढून दिली.

"यांनी आजवर कुणाला हात लावू दिला न्हाय बघ. आता तूच ठेव."

वर्ग सुटल्यावर संघप्रिया विभागात वही घेऊन बसली. सरांचं सुबक अक्षर बघूनच तिला भरून आलं. आठवडा, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, दिवसांची खात्री, आतड्याची स्थिती. सतरा ओळी. मागं 'सदोष गर्भ' असं शीर्षक घातलेलं वेगळं पान होतं. आपली नोंद तिथं असणार. चौदा वर्षांनी का होईना, आता बघायचंच, असं तिनं ठरवलं.

ते पान कोरं होतं.

ती परत मालिकेच्या पानावर आली. बोट एकेका ओळीवरून खाली नेऊ लागली. तेरावा आठवडा, चौदावा, पंधरावा.

सोळावा. 'सं. दिवस अगदी पक्के. आतडं जागेवर. निर्दोष.'

शाईच्या त्या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, '१२ जुलै. सं. आज सांगून गेली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोळावा मिळेल.'