टेबलाखाली

टेबल काही केल्या बुडेना. छातीभर पाण्यात उभं राहून तिनं ते दोन्ही हातांनी दाबलं, वर चढून बसली, तरी ते आपलं तिला घेऊन तरंगत राहिलं. शेवटी माशांची पिल्लं विकणारा काठावरून म्हणाला, "ताई, चारी पायांना विटा बांधा. लाकूड आहे ते. तुमच्या रागानं थोडंच बुडणार आहे?"

तिनं विटा बांधल्या. तार बोटात घुसली, रक्त आलं, तिनं बघितलंसुद्धा नाही. तिच्याकडे फक्त आजचा दिवस होता.

घरामागचं हे तळं बाबांनी हौसेनं खणून घेतलं होतं. संध्याकाळी आधी माशांना दाणे टाकायचे, मासे वर येऊन खायला लागले की मगच आपण जेवायचं, ही त्यांची जुनी सवय. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक करत सगळं पुसलं गेलं. रस्ते गेले, माणसं गेली, मुलगीही गेली. तिला ते 'बाई' म्हणत, कामाला ठेवलेल्या परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं. माशांना आधी खाऊ घालायची सवय तेवढी टिकली. आणि नेमकी तीच आता त्यांच्या जिवावर उठली होती.

कारण पाणकावळे आले आणि तळं रिकामं झालं. पाच दिवसांपूर्वी बाबांनी दाणे टाकले, तर पाणी हललं नाही. त्यांनी ताट परत पाठवलं. "त्यांचं व्हायचंय अजून," म्हणाले. तेव्हापासून दोन घोट पाण्यापलीकडे पोटात काही नाही. तिनं समजावलं, रागावली, अक्षरशः पाया पडली. चमचा तोंडाशी नेला की दातखीळ. तिच्याही घशाखाली घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या, नाकातून नळी घालू. मागच्या आजारपणात बाबांनी ती नळी उपसून काढली होती, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. बांधलेल्या हातांनी ते तिच्याकडे नुसते बघत राहायचे. ते तिला पुन्हा बघायचं नव्हतं. काही झालं तरी नाही.

परवा तिनं दोनशे पिल्लं आणून सोडली. पाणकावळ्यांनी एका दिवसात फस्त केली. "तळं आहे की परात?" पिल्लं विकणारा तेव्हा म्हणाला होता. "लपायला काडी नाही आत. तुम्ही तर पाणकावळ्यांना वाढून देताय." मग तिनं हाताला लागेल ते पाण्यात लोटलं. छाटलेल्या फांद्या, फुटके पाईप, मोडकी शिडी, कपडे वाळत घालायचा स्टँड. शेजारी कुंपणावरून बघत होते. बघेनात का. सगळ्यात शेवटी तिनं स्वयंपाकघरातलं टेबल ओढत आणलं. त्याच्या छपराखाली कुठल्याच पाणकावळ्याचं काही चाललं नसतं.

या टेबलाखाली एकेकाळी ती स्वतः बसली होती. आई गेली तेव्हा. सात वर्षांची होती. अख्खं घर हाका मारून थकलं, पण ती बाहेर आली नाही. एवढं तिला आठवत होतं. मग शेवटी बाहेर आली कशी, ते मात्र आठवत नव्हतं.

टेबल एकदाचं तळाला टेकलं. तिनं आज नव्यानं आणलेल्या पिल्लांच्या पिशव्या पाण्यात सोडल्या. पिल्लं एका झटक्यात टेबलाखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. पाणकावळ्यांनी बुड्या मारून पाहिल्या आणि हात हलवत परत जावं तसे कुंपणावर जाऊन बसले. पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

संध्याकाळी तिनं बाबांना हाताला धरून काठावर आणलं. त्यांनी दाणे टाकले. पाणी हललं नाही. त्यांनी आणखी मूठभर टाकले. दाणे तसेच तरंगत राहिले.

तिनं घाईघाईनं पिल्लं विकणाऱ्याला फोन लावला.

"अहो ताई, लपायला इतकी झकास जागा दिलीत, आता ती आठ-दहा दिवस कशाला वर येतायत? भेदरलीत बिचारी."

"माझ्याकडे आठ दिवस नाहीत हो," ती म्हणाली, आणि फोन तिच्या हातातून गवतात पडला.

हे तिला सुचलंच नव्हतं. ती काठावर गुडघे टेकून बसली, हातानं पाणी थोपटू लागली. "या ना रे वर. एकदाच या. कुणी काही करणार नाही तुम्हाला." हाका मारता मारता तिला रडू फुटलं, आणि ते काही आवरेना.

"बाई," मागून बाबा म्हणाले, "स्वयंपाकघरातलं टेबल कुठं गेलं?"

तिनं पाण्याकडे बोट दाखवलं. "तिथं आहे. तुमचे मासे त्याच्याखाली जाऊन बसलेत. घाबरलेत. कितीही बोलावलं तरी येत नाहीत."

"टेबलाखाली?"

बाबांनी वाकून पाण्यात पाहिलं. मग तिच्या खांद्याचा आधार घेत तिच्या शेजारी गवतात बसले.

"हाका मारू नका," ते हळूच म्हणाले. "हाका मारल्या की ती आणखी आत सरकते. चार दिवस मीही उपाशी बसलो होतो, तिथंच चुकलं माझं. पाचव्या दिवशी ताटं घेऊन टेबलाशेजारी बसलो, मुकाट्यानं जेवायला लागलो, तेव्हा आली. जा बाई, दोन ताटं वाढून आणा. एक माझं, एक माझ्या मुलीचं."