फिल्टरचं वाया जाणारं पाणी

उमापूरच्या विमलबाईंच्या घरी त्यांच्या सुनेनं, प्रियदर्शनीनं, हट्टानं पाण्याचा फिल्टर बसवून घेतला. एक हंडा पाणी प्यायला मिळावं म्हणून तीन हंडे पाणी मागच्या नळीतून मोरीत जातं, हे कळल्यावर विमलबाईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. गावात टँकर आठ-आठ दिवस येत नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ती नळी मोरीतून काढली आणि बादलीत सोडली. त्या पाण्यावर भांडी निघू लागली, फरशी पुसून होऊ लागली, परसात लावलेल्या वांग्यांना फुलं आली. बचत गटाच्या बायका मुद्दाम बघायला आल्या. सरपंचबाईंनी तर शाल-नारळ देऊन सत्कारच केला. विमलबाई आठवडाभर जमिनीवर नव्हत्या.

एका दुपारी प्रियदर्शनी शाळेत शिकवून घरी आली, तर सासूबाई फिल्टरची तोटी पूर्ण सोडून तांब्यामागून तांब्या मोरीत रिकामा करत होत्या.

“अहो आत्याबाई! प्यायचं चांगलं पाणी कावून ओतून द्यायलाव?”

विमलबाईंनी पदरानं घाम पुसला आणि पुढचा तांब्या तोटीखाली धरला.

 

“मग काय करू? वांगे सुकायलेत. फिल्टरची टाकी रिकामी केल्याबिगर वायाचं पाणी येतंय का?”