ती हसली म्हणून

सिनेमा संपला, पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या वाजल्या आणि सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घाटकोपरच्या त्या गल्लीत गणपतीत सिनेमाचा पडदा मधोमध बांधायचे. पुढून पुरुष बघायचे, मागून बायका, उलटा का होईना. सिनेमा जुना, काळा-पांढरा, लोक ज्याला अजरामर म्हणतात तसला. जहागीरदार आपल्या गड्याच्या बायकोला बंगल्यावर कोंडून ठेवतो. ती आधी रडते, मग जेवायला लागते आणि शेवटी त्याचे पाय चेपताना हसते. त्या हसण्यावर या शिट्ट्या. आता बोला.

"मेल्यांना लाज नाही," सुगंधा पुटपुटली. शेजारी तिची लेक अनुपमा फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन मान खाली घालून बसली होती. सिनेमा संपला की तो पाहुण्यांना तिनेच द्यायचा, असं बापाने ठरवलं होतं. बाप म्हणजे दशरथ, मंडळाचा अध्यक्ष. पाहुणे म्हणजे श्यामकांत साहेब. साकीनाक्याला त्यांच्याच कारखान्यात अनुपमा पॅकिंगला होती. साहेब केबिनमध्ये बोलावतात, हात धरतात, असं तिने मागेच घरी रडत रडत सांगितलं होतं. दशरथने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आधी पर्मनंट तर होऊ दे." तेव्हापासून सुगंधा आतल्या आत धुमसत होती.

साहेबांनी माइक हातात घेतला. "काय पिक्चर आहे," ते म्हणाले. "बाईच्या मनात काय असतं ते तिचं तिलाच कळत नाही बघा. एवढी रडली, पण शेवटी हसलीच की."

पुरुष खो खो हसले. दशरथ सगळ्यांत मोठ्याने हसला.

"अनुपमा, ये गं वर," त्याने हाक मारली.

पोर उठू लागली. सुगंधाने तिच्याकडून गुच्छ काढून घेतला, पदर खोचला आणि पडद्याला वळसा घालून ती थेट स्टेजवर गेली. गुच्छ टेबलावर आपटला आणि साहेबांच्या हातातला माइक घेतला.

"ती हसली, कारण दाराला कडी बाहेरून होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण राग शब्दाशब्दात होता. "माझी अनू पण ह्यांच्यासमोर हसते. केबिनमध्ये हात धरतात तिचा, तेव्हा पण हसते. नोकरी आहे ना."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले, कुणाकडे बघावं ते कळेना, म्हणून पुन्हा बसले.

दशरथ धावत आला. बायकोचं मनगट धरून दातओठ खात म्हणाला, "वाट लावलीस सगळ्याची. दिवाळीपर्यंत गप्प राहिली असतीस तर पोर पर्मनंट झाली असती."

माइक दोघांच्या मधे होता आणि चालू होता. कर्ण्यातून शब्द न् शब्द गल्लीभर गेला.

बायकांमधून शांताबाई उठली. दशरथची ही थोरली बहीण, आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. ती हळूहळू स्टेजपाशी आली आणि मान वर करून भावाला गावच्या मालवणीत म्हणाली,

"म्हणजे तुका म्हायत होता, दशरथा."