आवाज पोचतो का?

घड्याळ थरथरलं ते नेमकं राणीने शत्रूच्या दूताला झापायच्या क्षणी. राणी झालेल्या जिजींचं मनगट लाकडी सिंहासनाच्या हातावर टेकलेलं होतं, त्यामुळे ती घर्रर्र सगळ्या सभागृहाने ऐकली. दूत झालेले निवृत्त पोस्टमास्तर आपलं वाक्यच विसरले.

"कुणाचा फोन तो?" दारातून बाई कडाडल्या.

नाटक बसवणाऱ्या या बाईंचा हौशी मंडळींना भारी धाक होता. पंचाहत्तरी उलटली तरी तालमीला त्या कधी बसत नसत. दाराशी उभ्या राहायच्या आणि मधेच "चालू ठेवा, आवाज बाहेर पोचतो का बघते," म्हणून निघून जायच्या. एवढी शिस्त आता कुठे राहिलीय, असं सगळेच कौतुकाने म्हणायचे.

जिजींनी घड्याळ पदराखाली झाकलं. मागे याच सिंहासनावर दम धरता धरता त्यांचे कपडे ओले झाले होते. त्या दिवशी घरी जाऊन त्या रडल्या होत्या आणि राणी सोडायचीच, असं सुनेला सांगून मोकळ्या झाल्या होत्या. सून ऐकते कुठली! तिने बेंबीखाली चिकटवायची चकती आणली. मूत्राशय भरत आलं की ती वेळीच घड्याळाला कळवते. तेव्हापासून एकदाही फजिती झाली नव्हती. फक्त ही गोष्ट चारचौघांत फुटायला नको होती.

"फोन नाही, बाई." लपवायचा जिजींना एकाएकी कंटाळा आला. मुकुट सावरत त्या उठल्या. "पोटावर चकती लावलीय. ती म्हणतेय, लघवीला जा. आत्ता जाते आणि प्रयोगातही जाणार. राणी आहे मी, थांबेल दरबार!"

पोस्टमास्तर उगाचच खोकले. हसलं मात्र कुणी नाही. जिजी ताठ मानेने बाईंच्या समोरून बाहेर पडल्या. पाठोपाठ बाईही आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. गेली आता भूमिका, जिजींच्या मनात आलं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग ज्या आवाजाला अख्खी मंडळी टरकायची, तो अगदी खाली आणला.

"ती चकती मिळते कुठे गं? नुसता आवाज पोचतो का बघायला इतक्यांदा कुणी बाहेर जातं का?"